शांतता आहे हे सांगायला

सोमवार, ३ तारीख

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. सहा वर्षांतलं पहिलं. पोस्टमनने ते हातात ठेवलं तेव्हा मी एका बाईंच्या कमरेचं माप घेत होते. तुझं अक्षर बघितलं आणि माप डोक्यातून उडालं. पुन्हा टेप गुंडाळायला गेले तर त्या बाई घाबरून म्हणाल्या, "एवढ्यात वाढली का हो?"

चार ओळींचं पत्र, मला पाठच झालंय. आईचं बायबल माझ्याकडे आहे. जी रोज वाचेल तिच्याकडे ते राहावं असं आई म्हणाली होती. तू शाळेच्या बैठकीसाठी आमच्या शहरात येणार आहेस, आणि तीस तारखेला, रविवारी, माझ्याकडे येशील. मी रोज वाचत असेन तर ठेवायचं, नसेन तर तू घेऊन जाणार. खाली सही आणि सहीखाली शाळेचा शिक्का. अगं, मी तुझी सख्खी बहीण आहे. तू मुख्याध्यापिका आहेस हे मला शिक्क्याशिवायही कळतं, लहानपणापासून कळतंय.

तर उत्तर असं, की हो, वाचते. रोज सकाळी सहा ते सव्वासहा, मागच्या खोलीत, दार लावून, एकटी. आई बसायची तशीच. तू बाहेर स्टुलावर बसून राखण करायचीस आणि आत आई प्रभूपाशी, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या घरातही त्या वेळी टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता असते.

तुला आता आमचं घर कसं आहे ते माहीत नाही, म्हणून सांगते. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम. नवे कपडे कमी, दुरुस्ती जास्त. पॅन्ट आखूड करणे, चेन बदलणे, लग्नाच्या वेळचा कोट पोटावर आणून देणे. नवरा अजून लिफ्ट दुरुस्त करतो. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना कानाला यंत्र मिळालंय, ते त्या ड्रॉवरमध्ये नीट जपून ठेवतात. तू पाच वर्षांची बघितलेली माझी थोरली आता अकराची आहे आणि घर तीच चालवते, म्हणून तिला आम्ही फौजदार म्हणतो. तिच्यामागून एक झाली, ती तू पाहिलीच नाहीस. ती पाच वर्षांची आहे. मी जिथे जाईन तिथे मागे असते, म्हणून तिचं नाव शेपूट.

थांब, शेपटीने बॉबिनचा डबा

आले. एकोणीस बॉबिनी होत्या, सतरा सापडल्या. सासूबाई विचारतायत कोण पडलं. नवऱ्याला एक मोजा मिळत नाहीये आणि तो माझ्या टेबलावर असणार असं त्याचं म्हणणं आहे. फौजदार म्हणते पत्र लिहिताना उठू नये, अक्षर बिघडतं.

तर सांगत काय होते, शांतता.

तुझी धाकटी बहीण

शनिवार, ८ तारीख

प्रिय ताई,

तू परीक्षाच घ्यायची ठरवलेली दिसतेस. तीन प्रश्न, प्रत्येकासमोर उत्तराला जागा सोडलेली. मीही क्रमाने लिहिते.

पहिला, सध्या कुठे पोचलीस? निर्गमाच्या पुस्तकात. मंडळी अजून वाळवंटात आहेत आणि कुरकुर करतायत. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

दुसरा, कितव्यांदा वाचते आहेस? हे मोजणं गर्वाचं लक्षण आहे असं मला वाटतं.

तिसरा, आईने घातलेली खुणेची फीत कुठल्या रंगाची आहे? ते उजेडावर अवलंबून आहे.

बरं, आता थोडं खरं सांगते. रोज म्हणजे अगदी रोज नाही. तुझं पत्र आल्यापासून रोज. म्हणजे बसण्याचा प्रयत्न रोज. मागच्या खोलीत बसते असं मी लिहिलं होतं, पण मागच्या खोलीत सासूबाई झोपतात.

मंगळवारी मी बाथरूम निवडलं. घरात आतून कडी असलेली तेवढी एकच जागा. उलट्या बादलीवर बसले, डोळे मिटले, आणि खरंच सांगते, दोन मिनिटं मला फार बरं वाटलं. मग दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली. "आई, तू काय करतेस?" मी म्हटलं, प्रार्थना करतेय. "कुणासाठी?" सगळ्यांसाठी. "माझ्यासाठी पण?" हो. "मग मी ऐकू?" एवढ्यात नवरा दाढीचं सामान घेऊन आला, फौजदार शाळेच्या वेळेचा हिशेब सांगत आली, आणि सासूबाईंना कोणीतरी सांगितलं की मी आत आहे आणि बोलत नाहीये. त्यांनी 'बोलत नाहीये' एवढंच ऐकलं. मी चक्कर येऊन पडले असं समजून त्यांनी लाटण्याने दार बडवलं. दारावर अजून खोक पडलेली आहे, येशील तेव्हा दाखवीन.

गुरुवारी दुकानातला कोपरा. तिथे आरसा आहे आणि पुढे जाड पडदा, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला. दुकान नवाला उघडतं, मी साडेआठला आत शिरले. स्टुलावर बसले, पडदा ओढला. अंधार, कापडाचा वास, चांगलं वाटलं. पण नवऱ्याने बाहेर जाताना पुढचं दार उघडं ठेवलं. मी डोळे मिटून प्रभूला म्हणत होते की मला एक खूण दे, एवढंच, मी योग्य जागी आहे याची. तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला आणि समोर एक गृहस्थ, हातात पॅन्ट, आणि पॅन्ट हातात असल्यामुळे इतरत्र नाही. ते "अरे देवा" म्हणाले. मीही तेच म्हणाले. एकाच वेळी दोघांनी देवाचं नाव घेतलं, ही या आठवड्यातली माझी एकमेव सामुदायिक प्रार्थना.

त्यांची पॅन्ट मी त्याच दिवशी आखूड करून दिली. जास्तच आखूड झाली, माझं लक्ष नव्हतं. सोमवारी परत येतील.

तू म्हणशील पहाटे ऊठ. उठले होते. शुक्रवारी पाचला उठले आणि स्वयंपाकघरात बसले. पाच वाजून तीन मिनिटांनी शेपूट मांडीवर होती. ती झोपेत चालत येते का, की मी उठल्याचं तिला वासाने कळतं, देव जाणे.

आईला हे कसं जमायचं गं? आपण दोघी होतो, बाबा होते, शिवणाची गिऱ्हाइकं होती. तरी तिचं दार पंधरा मिनिटं बंद असायचं. तू राखण करायचीस म्हणून. हे मी कबूल करते, बघ.

तुझी बहीण

रविवार, १६ तारीख

प्रिय ताई,

आधी सांगते, मी सुखरूप आहे. तुला दुसरीकडून कळलं तर घाबरशील. म्हणजे घाबरणार नाहीस कदाचित, पण कळावं म्हणून.

आठवडाभर माझी तगमग नवरा बघत होता. शुक्रवारी जेवताना म्हणाला, "तुला अशी जागा हवी ना, जिथे कोणी येऊच शकणार नाही? माझ्याकडे आहे." मला वाटलं चर्चची किल्ली मिळवली याने. तर म्हणे, "आपल्या इमारतीची लिफ्ट. उद्या सकाळी तिची देखभाल आहेच. तुला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबवतो. पंधरा मिनिटं. गॅरंटी."

ताई, माणूस साधा आहे. बायकोला एकांत द्यावा म्हणून याच्याकडे जे काही होतं ते त्याने दिलं. मला रडूच आलं. मी हो म्हटलं.

सकाळी साडेसहाला आईचं बायबल, पाण्याची बाटली आणि एक उशी घेऊन लिफ्टमध्ये गेले. उशी टेकायला घेतली होती. खाली त्याने 'काम चालू आहे' अशी पाटी लावली, वर गच्चीवरच्या खोलीत जाऊन बटण फिरवलं आणि लिफ्ट थांबली. वरून त्याने ओरडून विचारलं, "बरं आहे का?" मी म्हटलं, "उत्तम."

आणि खरंच उत्तम होतं. ना मोजा, ना बॉबिन, ना फटीतून बोटं. पाच मिनिटं मी मनापासून प्रार्थना केली. पुढची पाच मिनिटं नुसती गप्प बसले. त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपले.

पुढचं फौजदाराकडून कळलं. नवऱ्याला एका दवाखान्यातून फोन आला की त्यांची लिफ्ट अडकली आहे आणि आत खाटेवर एक आजोबा आहेत. तो स्कूटर घेऊन धावला. दुसऱ्यांची लिफ्ट सोडवायच्या घाईत स्वतःची बायको कुठे आहे हे साफ विसरला. सातला घरात शोधाशोध सुरू झाली. पावणेआठला शेपटीने जिन्यात उभं राहून भोकाड पसरलं. सासूबाईंनी इतक्या दिवसांनी यंत्र कानात घातलं, आणि पहिला आवाज ऐकू आला तो हा. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी लिफ्टच्या फटीत तोंड घालून विचारलं, "आत कोणी आहे का?"

त्या आवाजाने मी जागी झाले. मी म्हटलं, "आहे, आहे, मी प्रार्थना करतेय."

ते मागे वळून जिन्यातल्या सगळ्यांना म्हणाले, "आहेत. प्रार्थना करतायत." झालं. जिन्यात रडारड. सगळ्यांना वाटलं, आता शेवटचंच आहे. कोणीतरी अग्निशमन दलाला बोलावलं. शिडी आली, शिरस्त्राण घातलेले चौघे आले, आणि त्यांच्यामागून घामाघूम नवरा, तोंडाने "पंधरा मिनिटंच होती हो, पंधरा मिनिटंच" म्हणत. मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या गालावर बायबलच्या कव्हराची नक्षी उमटली होती. डोक्याखाली उशी कमी पडली, म्हणून मी ते घेतलं होतं.

एक तास चाळीस मिनिटं. सहा वर्षांत इतकी शांत मी झोपले नव्हते. पण वाचलं किती म्हणशील, तर एक ओळ नाही. उघडलंच नाही.

दवाखान्यातले आजोबा सुखरूप आहेत.

तुझी बहीण

गुरुवार, २० तारीख

ताई,

लिफ्टच्या पत्राला तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. 'काळजी घे' एवढंच लिहिलंयस, पण त्याखाली एक ओळ लिहून तू खोडलीस. ताई, मी रोज काळ्या कापडावर काळा टाका शोधते. खिडकीशी धरून वाचली मी ती ओळ. 'माझ्याकडे शांतता भरपूर आहे, तिचं काय करावं ते मला कळत नाही.'

ती वाचल्यापासून मला तुझ्याशी खोटं बोलवत नाहीये. म्हणून सगळंच सांगते.

मी रोज वाचत नाही. दोन दिवसांआडही नाही. सहा वर्षांत मी आईचं बायबल एकदाही उघडलेलं नाही. ते कुठे होतं माहीत आहे? कापायच्या टेबलावर. कागदी नमुना कापडावर पसरला की तो सरकू नये म्हणून वजन लागतं. आईचं बायबल जाड आहे, बरोबर बसतं. सहा वर्षं मी त्याने कापड दाबून ठेवलं. कव्हरवर खडूच्या रेघा आहेत, एका कोपऱ्यावर कात्री लागली आहे. आता बोल काय बोलायचं ते.

का उघडलं नाही, हेही सांगते. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "आईला तू कधी पंधरा मिनिटं शांत बसू दिलं नाहीस." मी म्हणाले, "आणि तू तिला कधी हसू दिलं नाहीस." मग तू बायबल माझ्यापुढे सरकवलंस, म्हणालीस, "ठेव, बघू किती दिवस वाचतेस," आणि निघून गेलीस. मी बोलले ते रागाने बोलले, खोटं होतं. पण तू बोललीस ते खरं होतं, असं मला वाटत आलंय. दार वाजवणारी मीच. रडणारी मीच, पडणारी मीच. ते पुस्तक उघडलं की आईच्या त्या पंधरा मिनिटांत मी पुन्हा लुडबुड करतेय असं वाटायचं. म्हणून बंद ठेवलं.

तू रविवारी ये आणि घेऊन जा. मी कव्हर पुसून ठेवते.

एक गंमत सांगू का, नाहीतर पत्र फारच रडकं होईल. लिफ्टच्या प्रकारानंतर फौजदाराने कारभार हातात घेतलाय. आजीला सकाळी स्वयंपाकघरात हलवलं, मागची खोली मला दिली, दाराबाहेर खुर्ची टाकून ही स्वतः बसते. हातात नवऱ्याचं घड्याळ. मंगळवारी मी डोळे मिटले आणि दारावर टकटक. "आई, सगळं शांत आहे." बरं बाळा. तीन मिनिटांनी पुन्हा टकटक. "शेपटीला मी धरून ठेवलंय, तू काळजी करू नकोस." बरं. पुन्हा टकटक. "सात मिनिटं झाली. कोणी आवाज केला नाही. ऐकू येतंय ना, शांत आहे ते?"

मी तिला रागावणार होते. पण दार उघडलं तर ती पाठ ताठ करून बसलेली, तोंड इतकं गंभीर, जणू सगळं घर तिच्या खांद्यावर आहे. रागावता आलं नाही.

तुझी बहीण

सोमवार, २४ तारीख

ताई, ताई, ताई,

बसली नसशील तर बस.

परवा मी आणि फौजदार कव्हर पुसायला बसलो. ओल्या फडक्याने खडू जातो, पण पानांत पाणी जाऊ नये म्हणून तिने ते उघडून धरलं. आणि एकदम ओरडली, "आई! यात कोणीतरी लिहिलंय! पुस्तकात लिहायचं नसतं!"

आईचं अक्षर. पेन्सिलीने, समासात, मुंगीएवढं. तिची चष्म्याची पेन्सिल आठवते ना, चष्म्याच्या घरात ठेवायची ती? जिथे वाचन थांबलं तिथे बारीक रेघ, रेघेपुढे कारण, आणि कारणापुढे एक वाक्य प्रार्थनेचं. आपण समजत होतो आई आत पंधरा मिनिटं अखंड बसायची. अगं, आपण घरात होतो तोवर एक अध्याय तिने सलग वाचलेला नाही! पहिल्या पानापासून रेघाच रेघा.

माझ्या आहेतच. ऐक. 'धाकटी रडली. उठले. प्रभू, तू इथेच थांब, मी आलेच.' आणखी एक, 'धाकटी टेबलाखाली गप्प आहे, म्हणजे काहीतरी खाते आहे. प्रभू, खडू असू दे, टाचणी नको.' खडूच होता, मला चव आठवते. बाबांच्या आहेत. 'हे चष्मा शोधतायत. डोक्यावर आहे. प्रभू, यांना धीर दे, मलाही.' शेजारणीच्याही आहेत, त्या मी इथे लिहीत नाही, बाई अजून हयात आहेत.

आणि मग तुझ्या.

फौजदाराने मोजदाद केली, वहीत रकाने पाडून. धाकटी, एकशे बारा. बाबा, अठ्ठेचाळीस. शेजारीण, एकतीस. थोरली, दोनशे सहा.

दोनशे सहा, ताई! राखणदारीण! तू रोज स्टुलावरून उठून दार उघडायचीस. नमुन्यादाखल देते. 'थोरली आली, धाकटीला गप्प केलं हे सांगायला. आता धाकटी रडते आहे.' 'थोरली आली, बाबा झोपलेत हे सांगायला. बाबा उठले.' 'थोरली आली, घरात शांतता आहे हे सांगायला.' 'थोरली, घरात शांतता आहे हे सांगायला.' 'थोरली, शांतता.' पुढे पुढे आईने नुसतं 'थो. शां.' असं लिहिलंय, पानामागून पान.

मी खाली बसून इतकी हसले की सासूबाई लाटणं घेऊन आल्या.

मग एक रेघ सापडली, स्तोत्रांमध्ये. तिथे मात्र आईने पूर्ण लिहिलंय, अगदी जपून, जसं आहे तसं उतरवते. 'थोरली आली, घरात शांतता आहे हे सांगायला. तिला जवळ बसवलं तर बसत नाही, बाहेर राखण करायची आहे म्हणते. प्रभू, हिच्या खांद्यावरचं उतरव. नऊ वर्षांचीच आहे ती.'

फौजदार शेजारी होती. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आई, मावशी कधी बसली का मग जवळ?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी टेबलाखाली होते.

ताई, तू मला म्हणालीस ते खरं होतं, एकशे बारा वेळा खरं होतं. पण आईला त्याचं काही वाटत नव्हतं गं. जो दार वाजवील त्याचं नाव ती घ्यायची, प्रभूपुढे ठेवायची आणि पुढची ओळ वाचायची. आपण तिची प्रार्थना मोडत नव्हतो. आपणच तिची प्रार्थना होतो. हे कळायला मला लिफ्टमध्ये अडकावं लागलं.

काल सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात बसले, दार सताड उघडं टाकून, कानामागे पेन्सिल. निर्गमापासून सुरुवात केली, म्हणजे तुला लिहिलं होतं ते तरी खरं होईल. सव्वासहापर्यंत शेपूट, मोजा, सासूबाई, पुन्हा शेपूट. आईच्या रेघांखाली माझ्या रेघा आल्या. अकरा ओळी वाचून झाल्या. आज आठच झाल्या, पण आज पॅन्टवाल्या गृहस्थांसाठीही प्रार्थना झाली. ते इतक्या सकाळी आले होते, त्यांना ती पॅन्ट पुन्हा लांब करून हवी आहे.

फीत हिरवी आहे. कुठल्याही उजेडात.

टेबलाखालून,
धाकटी

गुरुवार, २७ तारीख

ताई,

उत्तर आलं नाही. तू रागावली आहेस, की हसते आहेस, की रडते आहेस, मला कळायला मार्ग नाही. तू रविवारी येणार की नाही हेही माहीत नाही. पण हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल, म्हणून लिहिते.

एक रेघ मी तुला सांगितली नव्हती. शेवटची. आपण दोघी घरातून गेल्यानंतरची, बाबाही गेल्यानंतरची. शेवटची पानं तिने त्या वर्षात वाचली, त्यांवर रेघाच नाहीत, अध्यायच्या अध्याय कोरे. मला वाटलं, चला, शेवटी तिला हवी होती ती शांतता मिळाली. आणि मग अगदी शेवटच्या पानावर लिहिलंय, 'आज कोणी आलं नाही. सगळं वाचून झालं. करमलं नाही.'

हे वाचलं आणि मला तुझी खोडलेली ओळ आठवली. तू तुझ्या त्या स्वच्छ खोल्यांत, वेळेवर उठून, दार लावून, एक टाका न चुकता रोज वाचत असशील, मला खात्री आहे. आणि दार कोणी वाजवत नसेल.

ताई, महिनाभर मी हे बायबल माझ्याकडे राहावं म्हणून धडपडले. खोटं बोलले, बाथरूममध्ये बसले, अग्निशमन दलाला त्रास दिला. आता मला ते तुलाच द्यावंसं वाटतंय. तुला माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे म्हणून नाही. त्यात आम्ही सगळे आहोत म्हणून. कुठलंही पान उघड, मी रडते आहे, बाबा चष्मा शोधतायत. तुला सोबत होईल. मी एक नवं साधं आणलंय, मोठ्या समासाचं. मला जुन्या रेघांची गरज नाही, माझ्याकडे रोज ताज्या मिळतात.

पण ते असं दारात उभं राहून न्यायचं नाही. रविवारी सकाळी सहाला मी बसलेली असेन. तू सव्वासहाच्या आधी ये. दाराबाहेर एक अकरा वर्षांची मुलगी पाठ ताठ करून बसलेली दिसेल. तिला सांग, तुझी पाळी संपली, जा, आईजवळ बस. माझं ती ऐकणार नाही. पण तू सांगितलंस तर ऐकेल, तिला तुझे दोनशे सहा माहीत आहेत.

मग तू स्वतः आत ये आणि मला सांग, की घरात शांतता आहे. नसणारच. तरी सांग. मी तुझं नाव घेईन, आणि तू यावेळी उठून बाहेर जायचं नाही.

तुझी,
धाकटी